उसने पैसे आणि भिंतीवरचा फोटो

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, जोडाक्षर लिहिताना थांबावं लागतं आणि ओळ पुढे जाईल तसं अक्षर खाली घसरतं. ही वही कुणाच्या हाती लागली तर त्याबद्दल माफ करावं. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते.

नगरला कॉलेजसमोर एका शटरचं कॉफीचं दुकान निघालं, तेव्हापासून मी तिथं कामाला आहे. सकाळी दूध तापवायचं, कप विसळायचे, फरशी पुसायची. दुकान ज्याचं तो माझ्या भाच्याच्या वयाचा. तो मला मावशी म्हणतो, मी त्याला दादा म्हणते.

मुलीचा नर्सिंगला नंबर लागला तेव्हा तिचे वडील वारलेले होते. फी भरायला पैसे नव्हते. दादाला विचारायचं ठरवलं, पण तो समोर आला की मी फडकं घेऊन दुसरीकडे वळायची. शेवटी एकदा दुकानात गिऱ्हाईक नसताना म्हटलं, "दादा, थोडे उसने पाहिजेत." त्यानं कशाला ते विचारलं, गल्ल्यातले काढले, कमी पडले ते घरून आणून दिले. "सावकाश द्या, मावशी," म्हणाला.

मी पगारातून थोडे थोडे देणार होते. पण दुकानं वाढली. नगरातच दुसरं झालं, मग संगमनेरला, मग शिर्डीच्या रस्त्याला. दादा दिसेनासा झाला. पगार बँकेत यायला लागला. पैसे कुणाच्या हातात द्यायचे ते मला कळेना, आणि विचारायला तोंड उघडेना.

मग ऑफिस झालं आणि ऑफिसात एक मॅडम आल्या. वयानं लहान, स्वभावानं चांगल्या. कंपनी समाजासाठी काय काय करते ते त्या बघायच्या. एकदा मला कप हातात धरून उभं केलं. "मावशी, जरा हसा ना." मला वाटलं ओळखपत्रासाठी असेल. मी हसले.

पुढच्या महिन्यात तो फोटो भिंतीवर लागला, माणसाएवढा. वर लिहिलं होतं, सामाजिक बांधिलकी. मी ते हळूहळू वाचलं. बांधिलकी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, बांधून ठेवल्यासारखं काहीतरी असेल असं वाटलं. खाली लिहिलं होतं, तुमच्या एका कपातून एका लेकीचं शिक्षण. सगळ्या दुकानांत तोच फोटो. मी त्याच्याखाली फरशी पुसायची. गिऱ्हाईक एकदा फोटोकडे बघायचं, एकदा माझ्याकडे. मी मान खाली घालून पुसत राहायची. काही वाटेनासं झालं होतं.

मुलगी होस्टेलवरून आली. तिच्या मैत्रिणी संगमनेरच्या दुकानात गेल्या होत्या.

"आई, आपण दान घेतलंय का?"

"नाही. उसने घेतलेत."

"मग त्यांना सांग ना तसं. मला वर्गात कॉफीवाली म्हणतात."

ती चिडली नव्हती. जेवली, भांडी घासली, झोपली. पण पुढच्या सुट्टीला आली नाही. अभ्यास आहे म्हणाली.

मी मॅडमकडे गेले. "मॅडम, ते पैसे मला द्यायचेत," म्हटलं.

"अहो मावशी, ती मदत आहे. मदत परत घेत नाहीत. आणि आता ती हिशोबात दाखवून झाली." मग माझा हात धरला. "तुम्ही घरच्याच आहात आमच्या."

मी बरं म्हणाले आणि कप विसळायला गेले. मुलीला सांगितलं नाही.

शिर्डीच्या रस्त्याला अजून एक दुकान उघडलं. पूजा होती. झेंडूचे हार टोपलीभर आले होते. तिथं सगळी माणसं नवीन. त्यांनी दाराला हार घातला, मशीनला घातला, देवाच्या फोटोला घातला, दादाच्या वारलेल्या वडिलांच्या फोटोला घातला. एक उरला तो माझ्या फोटोला घातला. मी नगरला होते, मला काय माहीत.

दुपारी कर्जतहून भावाचा फोन आला.

"कोन बोलतंय?"

"मी. कोण म्हणजे?"

"आक्का, तू हायस?"

"आहे की. कप धुतेय."

"मग फोटूला हार कशापायी घातलाय? शेजारची शिर्डीला गेल्ती, तिनं बघितलं. हितं आईनं रडून घर डोक्यावर घेतलंय. मी तिकडं यायला गाडी सांगितली, आता गाडीवाल्याला काय सांगू?"

"नको म्हणून सांग."

"अ‍ॅडव्हान्स दिलाय त्याला," तो म्हणाला. मग तोही रडायला लागला. मागून आईचा आवाज येत होता. तिला फोन दिला, पण माझा आवाज तिला पटेना. माहेरच्या कुत्र्याचं नाव विचारलं. मी सांगितलं तेव्हा रडायची थांबली.

मला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. मी हात पुसले आणि ऑफिसात गेले. झालेलं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. "सॉरी मावशी, आत्ता हार काढायला सांगते."

"हार नाही. फोटो काढा. सगळीकडचा."

"फोटो काढला तर मदत कशी दाखवायची?"

"मदत नाही ती. मी उसने मागितले होते. दादाला विचारा."

माझ्या तोंडून एवढं निघालं. मॅडमनी माझ्यासमोरच दादाला फोन लावला, मला ऐकू येईल असा स्पीकरवर. त्यानं झालेलं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उसनेच होते. मावशी तसंच म्हणाल्या होत्या. मीच मदत म्हणून सांगत सुटलो."

फोटो निघाले. ते पैसे ऑफिसानं नाही, दादानं स्वतः घ्यायचे असं ठरलं. मुलीला दवाखान्यात नोकरी लागली, तीही हातभार लावायला लागली. मी दर पगाराला दादासाठी पाकीट ठेवायची.

काल शेवटचं दिलं. दादा दुकानात आला होता. त्यानं पाकीट न उघडता खिशात घातलं.

"मोजा," मी म्हटलं.

"राहू द्या, मावशी."

"नाही. मोजा."

त्यानं उभ्यानं मोजले. पैसे बरोबर होते. "फिटले सगळे," म्हणाला.