शोभाबेनने वाचल्याशिवाय रील टाकायची नाही

आमच्या ऑफिसात फाइली कमी आणि किस्से जास्त. फाइल निदान कुणीतरी उचलून कपाटात ठेवतं, किस्सा पडला तिथेच पडून राहतो. झाडू माझ्या हातात, म्हणून सगळे माझ्याकडेच जमा.

मी चौथी पास. डिंडोलीला भाड्याच्या खोलीत राहते आणि जवळच एका बिल्डरच्या साइटवर साफसफाई करते. शेठ आणि ऑफिस गुजराती, म्हणून गिऱ्हाईक आमच्या खान्देशातलं असलं की सँपल फ्लॅटही मीच दाखवते. माझ्या शब्दावर आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी बुकिंग केलंय. उद्या काही खोटं निघालं तर ते शेठकडे जाणार नाहीत, माझ्या दारात येतील.

* * *

शेठला नोटीस आली. जाहिरातीत रेरा नंबर, म्हणजे बांधकामाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, नीट दिसला पाहिजे असा नियम. आमच्या रीलमध्ये नंबर होता की! पांढऱ्या ढगावर, पांढऱ्या अक्षरात, पापणी लवेपर्यंत.

वकील म्हणाले, “पुन्हा असं झालं तर बुकिंग बंद पडेल.”

शेठने मला बोलावलं. “शोभाबेन, आजपासून तुम्ही वाचायचं. तुम्हाला वाचता आलं तरच रील टाकायची.”

मी बोट ठेवून वाचते. रील बनवणारी किंजल कपाळाला हात लावून बसली. “मासी, थोडं फास्ट.”

“गिऱ्हाईकालाही असंच म्हणशील का?”

शेवटी त्या रीलमधला नाच संपला, गाणं संपलं, नंबर चालूच.

* * *

शेठ रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला देवाचा फोटो ठेवतात. खाली लिहितात, ‘बुकिंग चालू’. वकील म्हणाले, ही पण जाहिरातच, नंबर टाका.

दुसऱ्या दिवसापासून देवाच्या पायाशी रेरा नंबर. शेठच्या सासूबाईंचा फोन आला, “जमाई, आता देवालाही नोंदणी करावी लागते का?”

* * *

सँपल फ्लॅटमधला पलंग मुद्दाम छोटा करून घेतलाय, खोली मोठी दिसावी म्हणून. किंजलने रीलसाठी एक उंच मॉडेल आणला. तो झोपला, आणि गुडघ्यापासून पाय बाहेर.

किंजल म्हणाली, “पाय कट करते.”

मी म्हटलं, “कर. आणि खाली लिही, पाय घरी ठेवून या.”

* * *

मग एक फेमस बाई आली. लाखभर लोक तिला बघतात म्हणे. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून बोलली, “मी माझ्या आईसाठी इथे घर घेतलं.”

मी म्हटलं, “पैसे घेऊन बोलतेस ना? मग ‘जाहिरात’ असं लिहावं लागतं.”

“ते लिहिलं तर कोण विश्वास ठेवेल, ताई?”

“बरं, घर कितव्या मजल्यावर घेतलंस?”

तिने किंजलकडे बघितलं. “बिल्डिंगला मजले किती आहेत?”

* * *

ती बाई गेल्यावर शेठ माझ्याकडे वळले. “तुमच्या लोकांचा तुमच्यावर भरवसा आहे. तुमच्या भाषेत एवढंच बोला, मी इथे राहते, फार सुखी आहे.”

“मी इथे राहत नाही. या पगारात परवडत नाही.”

“कोण बघायला येणार आहे?”

“आमची अख्खी गल्ली.”

“नोकरी करायची आहे ना, शोभाबेन?”

एवढं बोलून शेठ जेवायला गेले. मी पदर खोचला आणि किंजलला म्हटलं, चालू कर.

आमच्या बोलीत सुरू केलं, “मना नाव शोभा. मी आठे ऱ्हात नही, आठे कचरा काढस.” पुढे सगळं सांगितलं. भिंत पक्की आहे, खिळा ठोकताना माझा अंगठा सुजला. लिफ्ट अजून आलेली नाही. पाणी टँकरचं आहे. ताबा कधी मिळणार ते लिहून घ्या. आणि नंबरची पाटी दोनदा वाचून होईपर्यंत धरून ठेवली.

किंजलने रील वकिलांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, “यात कापायला काहीच नाही.” तिने लगेच टाकली.

शेठ जेवून आले, फोन बघितला आणि म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी मी हिशेब मागायला गेले, तर गेटवर डिंडोलीची माणसं. रील बघून, बायका-पोरांसकट, रिक्षा भरभरून आलेली. शेठने मला बघितलं आणि म्हणाले, “शोभाबेन, उशीर केला. सगळ्यांना पाणी द्या.”

एक म्हातारे बाबा होते, उभा जन्म लूमवर कापड विणण्यात गेलेला. त्यांनी भिंतीवर मूठ मारून बघितली, लिफ्टच्या खड्ड्यात वाकून बघितलं, टँकरवाल्याशी बोलून आले. मग टेबलाशी बसले. शेठने पेन पुढे केलं. बाबांनी ते हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

“शेठ, एक बात बताओ. ये बाई यहाँ क्यों नहीं रहती?”

शेठने माझ्याकडे बघितलं.

मी ग्लास गोळा करत होते. म्हटलं, “सांगा ना, शेठ.”