निर्मलाकाकूंना वाहिलेली श्रद्धांजली

आता तुमच्यापासून काय लपवायचं? एका चांगल्या धडधाकट बाईला मी मारलं. तेही अंगठ्याने, लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, उभ्या उभ्या! हसू नका हो. आठवलं की अजून कानशिलं गरम होतात माझी.

मी पुण्याहून इकडे मास्टर्स करायला आले. आणि प्रबंधाचा विषय काय घ्यावा? ‘विद्यार्थ्यांनी सोशल मीडिया वापरण्याचे फायदे आणि तोटे’! फायद्यांचं प्रकरण मी एका बैठकीत लिहून काढलं, कारण मी त्या फायद्यांवरच जगत होते. इथल्या मराठी मंडळींचा फेसबुकवर एक ग्रुप आहे. त्यावर मला सेकंडहँड कुकर मिळाला, पार्टटाइम जॉब मिळाला. पुण्याहून येणाऱ्या कुणा अनोळखी दादाच्या बॅगेतून आईचा गोडा मसालासुद्धा आला. तोट्यांच्या प्रकरणाला मात्र एक धड उदाहरण सापडेना.

त्यात माझं शेअरिंगचं घर रविवारी सोडायचं होतं आणि दुसरी जागा काही मिळत नव्हती. तेवढ्यात स्टॅनमोरच्या अरविंदकाकांनी ग्रुपवर लिहिलं, ‘वरची खोली द्यायची आहे, मराठी मुलगी असल्यास बरं.’ मी तत्काळ माझी अडचण मेसेजने कळवली. काका म्हणाले, "माझं काही नाही गं, पण शेवटचा शब्द हिचा. शनिवारी संध्याकाळी ये, हिला भेट, मग बघू."

हिला म्हणजे निर्मलाकाकूंना. मी त्यांना तोवर पाहिलंही नव्हतं.

शनिवारी सकाळी ट्यूबमध्ये फोन उघडला, तर सगळ्यात वर काकांची पोस्ट. एका प्रसन्न बाईंचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो. गळ्यात भला मोठा हार. पुढे तबकात निरांजन. खाली लिहिलेलं, ‘चाळीस वर्षांची साथ. आज मन भरून आलंय. निर्मला, तुझ्याशिवाय हे घर…’ आणि मग ‘आणखी पाहा’.

आता मला सांगा, तुम्ही काय समजला असता? आणखी काय पाहायचं राहिलं होतं? स्टेशन जवळ येत होतं, फोनचा सिग्नल जायच्या बेतात होता. मी टाइप केलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली. काका, स्वतःला सांभाळा.’ आणि उतरले.

दुपारी लायब्ररीत पाहिलं, तर माझ्या कमेंटखाली ही रांग! ‘ॐ शांती.’ ‘काकू, फार घाई केलीत.’ ‘मोदक करावेत तर त्यांनीच.’ कुणीतरी इथल्या मराठी मंडळाचा संध्याकाळचा गाण्याचा कार्यक्रमही रद्द करून टाकला. आणि मला काय वाटलं असेल? सगळ्यांच्या आधी आपण लिहिलं, याचं चक्क समाधान! लाज वाटते सांगायला, पण वाटलं खरं.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, पिठलं-भात घेऊन जावं, एवढे संस्कार होते माझ्यावर. घरी जाऊन कुकर लावला, पिठलं ढवळलं आणि डबा घेऊन स्टॅनमोर गाठलं. काकांच्या दारापुढे गाड्याच गाड्या. बेल वाजवली. दार उघडलं ते जरीची साडी नेसलेल्या, केसांत गुलाब माळलेल्या एका बाईंनी. चेहरा फोटोतल्यासारखाच. मी आपलं समजले, बहीण असणार.

मी आवाज खाली आणून विचारलं, "शेवटी फार त्रास नाही ना हो झाला?"

"कुणाला?"

"निर्मलाकाकूंना."

"होतोय ना! तासाभरापासून नुसता होतोय. मीच निर्मला. तुझ्या डब्यात पिठलंच असेल, तर आत वॉशिंग मशीनवर ठेव. किचनमध्ये जागा उरलेली नाही."

मी डबा छातीशी धरून आत सरकले.

आत हॉलभर माणसं. मान वर करायची कुणाची टाप नाही. एक काका चाचरत म्हणाले, "आता आलोच आहोत तर… हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी, वहिनी!" लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता हो! हार एकमेकांना घातलेले, निरांजन ओवाळायला. काकांनी आधी फोटो टाकला आणि मग फोन घरीच ठेवून दोघं दिवसभर फिरायला गेलेली.

इथे लंडनमध्येच जन्मलेली त्यांची नात कोपऱ्यात रडकुंडीला आली होती. "आजी, मी फक्त व्हिंटेज फिल्टर लावली! फोटो किती क्लासी दिसते!"

इतक्यात काकूंचा फोन वाजला. सांगलीहून थोरल्या बहिणीचा.

"ताई, अगं मीच बोलतेय. मीच! नाही गं, काही झालेलं नाही मला. आधी रडणं थांबव आणि तुझी बीपीची गोळी घे बघू. मी बोलतेय ना तुझ्याशी?"

फोन ठेवून काकूंनी पदराने डोळे टिपले. तिकडे एक म्हातारी बहीण दिवसभर रडत बसली होती, ती माझ्यामुळे. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

काकांनी चष्मा चढवला. "पहिली कमेंट कुणाची ते बघू दे. ऋचा जोशी… नाव कुठेतरी वाचलंय. कोण बरं ही?"

मी डबा हातात धरूनच पुढे झाले. "मीच, काका. खोलीसाठी आले होते."

"पोस्ट पूर्ण वाचली होतीस?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"शिकतेस काय तू इकडे?"

"सोशल मीडिया."

हॉलमध्ये असा हशा पिकला, की मला रडूच कोसळलं. "चुकले मी काकू. खोलीचं राहू दे, जाते मी."

"जातेस कुठे? उद्या घर सोडायचंय ना तुला? बॅगा घेऊन ये. एवढं पिठलं काय आम्ही दोघंच संपवणार? पण आधी ग्रुपवर माफी लिही. आणि फोटो तुझा लाव. माझा लावलास तर परत मारतील मला."

तिथेच बसून लिहिलं. काकू ठणठणीत आहेत, चूक सर्वस्वी माझी, न वाचता लिहिलं, क्षमस्व. वर माझा हसरा फोटो. काकूंनी काकांचा फोन मागून घेतला आणि एका बोटाने खाली पहिली कमेंट टाकली, ‘भावपूर्ण श्रद्धांजली. पोरगी बरी होती, घाई फार होती.’

झालं! पुन्हा रांग. ‘ॐ शांती.’ ‘एवढ्या लहान वयात!’ आणि त्यातच कुणा नव्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘फार वाईट झालं. काका, मग ती वरची खोली अजून आहे का?’

सगळे पोट धरून हसले. त्या मुलीचा मला खरं तर राग यायला हवा होता. पण सकाळी काकूंचा हार घातलेला फोटो पाहून माझ्याही मनात पहिल्यांदा हेच आलं होतं. मी फक्त टाइप केलं नव्हतं.