सहा दारांची चोरी

ती चोरी सांगितली की ऐकणारे आधी हसतात. मला ती आजही आठवते आणि हसू येत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फौजदार होतो. तिथल्या तेलगिरणीच्या कामगार चाळीत बारा खोल्या होत्या आणि मागे बायकांचे सहा संडास. पंधरा दिवसांत सहाही संडासांची लाकडी दारे गेली, अशी फिर्याद गिरणीच्या मॅनेजरने दिली. स्टेशन डायरीत नोंद करताना मीही हसलो होतो.

खबर चाळीसमोरच्या चहावाल्याने आणली. "साहेब, समद्या चाळीत चुली थंड हायेत. एकट्या रखवालदाराच्या खोलीतनं धूर निघतोय, अन् त्याला रंगाचा वास येतोय."

रॉकेल कार्डावर मिळे, ते चार दिवसांत संपे. एरवी गिरणी भुईमुगाची टरफले कामगारांना फुकट देई, त्यावर चुली पेटत. त्या साली भुईमूगच आला नाही; गिरणी बाहेरून आणलेल्या सोललेल्या दाण्यांवर कशीबशी चालली होती. हे मला ठाऊक होते, पण त्याचा विचार करायला मला सवड नव्हती. झडतीत रखवालदाराच्या चुलीत संडासाच्या दारांच्याच निळ्या रंगाची अर्धवट जळालेली फळी आणि दोन बिजागऱ्या सापडल्या. पंचनामा केला, त्याला लॉकअपमध्ये टाकले आणि चोर सापडला म्हणून मॅनेजरला कळवूनही मोकळा झालो. मॅनेजरने त्याच दिवशी त्याला कामावरून काढले. नोकरीबरोबर खोलीही जाणार होती. आठ दिवसांत खोली सोडा, असा निरोप त्याच्या बायकोला गेला.

बाकीची दारे कुठे विकलीस, असे मी त्याला दहादा विचारले. तो एवढेच म्हणे, "फळी माझ्या घरात घावली न्हवं? मग लिवा माझं नाव." इतक्या मुकाट्याने गुन्हा कबूल करणारा माणूस बहुधा कोणाला तरी पाठीशी घालत असतो. हे माझ्या हवालदाराच्या ध्यानात आले, माझ्या नाही.

हवालदाराच्या आग्रहावरून दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीत गेलो. रखवालदाराची चूल विझलेली होती. आज धूर पाचव्या खोलीतून येत होता, वास तोच. दारात बायका मळलेल्या पिठाच्या पराती घेऊन ओळीने बसल्या होत्या. रोज एकाच घरी चूल पेटवायची आणि तिच्यावर बाराही घरांच्या भाकरी भाजून घ्यायच्या, अशी त्यांनी पाळी लावली होती. झडतीच्या दिवशी पाळी रखवालदाराच्या घरची होती.

एक म्हातारी उठली. "त्याला सोडा. दारं आमी बायांनीच काढली."

"अहो, पण ती तुमच्याच संडासांची होती ना?"

"व्हय. आता एक आत जाती, दुसरी लुगडं धरून उभी ऱ्हाती. लेकरांना कच्चं पीठ कसं चारायचं, साहेब?"

मला माझीच लाज वाटली. तपास चुकला, रखवालदार चोर नाही, असे मी मॅनेजरला सहीनिशी लिहून दिले. त्यावरून वरिष्ठांनी मला चांगलेच झापले. बारा घरांवर खटला भरला तर गिरणी चालवायची कोणी, म्हणून मॅनेजरनेही फिर्याद पुढे रेटली नाही. रखवालदार कामावर परत आला.

धूर कुठून निघतो ते पाहायला मी नोकरीत शिकलो होतो. बाकीच्या अकरा घरांतून तो का निघत नाही, हे मी तेव्हा कोणालाच विचारले नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत आधी ते विचारत आलो.

माझी बदली होईपर्यंत रखवालदार गिरणीच्या फाटकावर दिसे. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सलाम करी, मला कधी केला नाही. मी तो मागितलाही नाही.