उत्तराला उशीर होईल, माफ करा

“कुठं फिरतेस गं एवढी? आम्हालाही ने की कधी.”

तो माईकवर बोलला. केळव्याच्या रिसॉर्टमध्ये, सुपारीच्या झाडांखाली गोलात खुर्च्या मांडलेल्या. मुंबईहून आलेले सगळे हसले. मीही हसले. माझं तोंड तेव्हा तसंच होतं, दुसरा हसला की उघडायचं.

तो आमच्या कामाचा प्रमुख. काम म्हणजे फोनवर नकाशा दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, ठिकठिकाणचे लोक मिळून बनवतात. चूक सापडली की आपल्या लॅपटॉपवर दुरुस्त करायची आणि ती दुरुस्ती मेलनं सगळ्यांना पाठवायची. मग एकेका ओळीखाली लोक उत्तर लिहितात. इथं चुकलंय, इथं ठीक आहे. बोईसरला एका कारखान्याच्या ऑफिसात कंत्राटावर कॉम्प्युटरचं काम करत होते तेव्हा मी यात शिरले. नेट गेलं तरी नकाशा चालू राहावा, हा भाग हळूहळू माझ्याकडे आला. त्या दिवशी तो रीतसर माझ्या नावावर करणार होते. त्यासाठीच मला केळव्याला बोलावलं होतं.

कंत्राट संपलं तशी मी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेले. आमची डोंगरातली शेती पावसापुरती. भात कापला की पाडा रिकामा होतो. भट्टी मनोरच्या आत, नदीकाठी. तिथं रेंज नाही. झोपडीच्या सावलीत बसून लिहायचं, मेल तयार करून ठेवायचे. विटांचा ट्रक हायवेकडे निघाला की त्यात बसायचं. चढावर रेंज आली की साठलेले मेल जायचे आणि लोकांचे आत यायचे. ते भट्टीवर परत येऊन वाचायचे. मेल माणसासाठी थांबतो. म्हणून तर मला जमलं.

पण भट्टी हा शब्द लिहायला हात धजला नाही. प्रत्येक मेलच्या शेवटी लिहायचे, “प्रवासात आहे. उत्तराला उशीर होईल, माफ करा.” लोक लिहायचे, मजा कर, फोटो पाठव. कसले फोटो पाठवू, कपाळाचे?

आणि मी लिहीत बसले की माझ्या वाट्याच्या विटा आई वाहायची. “तू लिव. आमी हाय ना,” म्हणायची. डोक्यावर विटा घेऊन ती समोरून जायची आणि मी मान खाली घालून टाइप करायचे. आई उन्हात, धडधाकट पोरगी सावलीत. लाज वाटायची. लाज वाटूनही मी उठायचे नाही.

तर त्यानं विचारलं, कुठं फिरतेस, आणि माईक माझ्यापुढे धरला. खोट्याचा कंटाळा आला होता मला. म्हटलं, “फिरत नाही सर. वीटभट्टीवर असते. आईबापांबरोबर.”

हसणं थांबलं. एक बाई म्हणाली, “वॉव.” एकानं फोन वर करून माझा फोटो काढला. विचारलंसुद्धा नाही.

तो गंभीर झाला. “अगं, मग आधी सांगायचं ना. हा भाग दुसऱ्या कुणाला देऊ या. तुला कशाला त्रास? तसंही मेल आता बंदच करतोय. सगळं वेबसाइटवर, व्हिडिओ कॉलवर. तुझ्या एकटीसाठी हे जुनं गाडं किती दिवस ओढायचं?”

नेट नसताना चालणारा नकाशा. आणि तो बनवणारीला नेट नाही म्हणून काढलं. तिथं एकालाही हे खटकलं नाही. तेव्हा मलाही नाही. मी म्हटलं, “चालेल सर. सॉरी.”

सॉरी. मी म्हटलं सॉरी.

जेवणानंतर शेजारचा म्हणाला, “तू इकडचीच ना? त्या मावशींना जरा सांग, चहा पाठवा.” मी उठले. सांगितलं, वर त्याचा कप स्वतः आणून त्याच्यापुढे ठेवला.

भट्टीवर परतले तेव्हा आई नदीवर हातपाय धूत होती. “भेटला काय तुला तो भाग?”

मी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “आपण कुठं हाय ते त्यांना ठावं नव्हता?”

“नाही. मी फिरायला गेलेय असं लिहायचे.”

“का? इटा काय चोरल्या आपण?”

एवढंच बोलून ती चुलीकडे गेली. मी तिथंच दगडावर बसून रडले. त्या दिवशीही माझ्या विटा तिनंच वाहिल्या होत्या, आणि मी केळव्याला जाऊन काय केलं, तर “चालेल सर” म्हणून आले. तिनं डोक्यावर ओझं वाहून मला करू दिलेलं काम मी त्या माणसाला फुकट देऊन आले होते. आधी स्वतःचा राग आला, मग त्याचा आला. केळव्यात बसले होते तोवर त्याचा राग कसा आला नाही, याचंच मला अजून नवल वाटतं.

सकाळच्या ट्रकनं चढावर गेले. सगळ्यांना मेल पाठवला:

“मी वीटभट्टीवर काम करते. नेट चढावर येतं, तेही ट्रक निघाला तर. काल चालेल म्हटलं ते मागे घेते. हा भाग मी सोडलेला नाही. मेल बंद केलात तर माझ्यासारख्या प्रत्येकाला तुम्ही बाहेर काढताय. सोबत नवी दुरुस्ती जोडली आहे.”

खाली सवयीनं माफ करा लिहिलं होतं. ते पाठवण्याआधी खोडलं.

त्याचं उत्तर आलं, “अगं, हे इथं सगळ्यांसमोर नको. फोनवर बोलू.”

त्याच ओळीखाली मी लिहिलं, “विचारलंत सगळ्यांसमोर. बोलूही सगळ्यांसमोरच.”

मेल अजून चालू आहे, किती दिवस ते माहीत नाही. भागावर माझं नाव चढलेलं नाही. ती दुरुस्ती तशीच पडून आहे. मी दुसरी पाठवली, तिसरी लिहिते आहे. परत आली तर सुधारून पाठवीन, वाचलीच नाही तर पुन्हा पाठवीन.

अपराधी अजूनही वाटतं. पण ते आईपाशी. तिचं देणं आहे माझ्यावर, त्या माणसाचं काही नाही. आता आधी माझ्या विटा मी वाहते आणि मग लिहायला बसते. त्यामुळे मेल आणखी उशिरा जातात. जाऊ देत. शेवटची ओळ मी बदलली आहे.

“कामावर आहे. उत्तराला उशीर होईल. थांबा.”