त्याच्या तोंडाला वास येत होता

खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोलले. सासूशी बोलले, शेजारणींशी बोलले, माहेरी जायला मिळावं म्हणून आजारपणाची सोंगंही आणली. त्या खोट्यांचं मला काही वाटत नाही. पण एक वाक्य असं बोलले की त्याने एक घर गावातून उठलं. ते बोलायला मला एक श्वाससुद्धा पुरा लागला नाही.

पेणच्या खाडीकडची आमची गावं बांधाच्या आधाराने जगतात. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती. पावसाचं पाणी शेतातून खाडीत जावं म्हणून बांधात दरवाजा ठेवलेला असतो, त्याला उघाडी म्हणतात. तिची लाकडी झडप ओहोटीला आपोआप उघडते आणि भरतीला आपोआप मिटते. ती मिटली नाही तर खारं पाणी आत येतं, आणि एकदा खारं पाणी बसलं की त्या शेतात तीन-तीन वर्षं भात होत नाही. म्हणून गावकीने बांधावर एक राखणदार ठेवलेला होता. खेकडे बांधाला बिळं पाडतात. ती चिखलाने बुजवायची आणि उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवशी झडपेवर डोळा ठेवायचा, एवढं त्याचं काम.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराची गोष्ट आहे. पिठोरी अमावास्या होती, म्हणजे उधाण भर दुपारी. सकाळी आमच्या ह्यांनी झडपेत बांबूचा तुकडा अडकवला. चढत्या पाण्याबरोबर चार मासे आत येतात, ते पकडायचे आणि पाणी वाढायच्या आत बांबू काढायचा. असं गावात बरेच जण करत, फक्त कुणी बोलत नसे. तेवढ्यात हमरापूरच्या कारखान्यातून निरोप आला. गणपती चार दिवसांवर आलेले, मूर्तींच्या डोळ्यांची आखणी राहिलेली, आणि डोळे काढावेत तर ह्यांनीच. हे तसेच सायकलवर बसून गेले. बांबू विसरले.

दुपारी मी शेताकडे गेले तेव्हा झडपेतून पाणी ओढ्यासारखं आत येत होतं आणि बाजूची माती ढासळत होती. बांबू मी ओळखला. मी गळ्याइतक्या पाण्यात उतरले, तो उपटला आणि खाडीत लांब फेकला. झडप मिटली, पण फार उशीर झाला होता. माझ्या डोळ्यांदेखत बांध फुटला. आमच्याकडे त्याला खांड जाणं म्हणतात. हातभर रुंद खांड बघता बघता बैलगाडी जाईल एवढी झाली.

लोक धावत आले. राखणदार बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, खेकड्यांची बिळं बुजवत. तो चिखलाने माखलेला, धापा टाकत अजून लांबून येत होता. कुणीतरी मला विचारलं, "तू पयली आलीस ना गो? त्यो कुठं व्हता?"

आणि मी म्हणाले, "त्याच्या तोंडाला वास येत होता."

तो अधूनमधून प्यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढे कुणी काही विचारलंच नाही.

गावकीने त्याला वाळीत टाकलं. त्याच्या घरी जायचं नाही, त्याला बोलवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. त्याच थंडीत त्याची आई वारली. खांदा द्यायला गावातून एकही माणूस उठला नाही. रोह्याहून त्याच्या बायकोचे दोन भाऊ आले, एक त्यांचा ओळखीचा, आणि चौथा तो. माझ्या घराच्या ओट्यावरून ती वाट दिसते. मी दार लावून घेतलं. महिन्याभरात तो बायकोला घेऊन रोह्याला निघून गेला.

हे त्या बांबूपायी खचले. पण ह्यांनाही मी खरं सांगितलं नव्हतं. बांबू मी काढून फेकला एवढं त्यांना ठाऊक होतं. राखणदार प्यायलेला होता हे मात्र त्यांनी गावासारखंच खरं मानलं. "अर्धी चूक माझी, अर्धी त्याची," असं ते म्हणायचे, आणि मी मान डोलवायचे. त्या अर्ध्यावर आमचा संसार टिकून होता. तेवढा आधार त्यांच्याकडून काढून घ्यायला माझी जीभ रेटत नव्हती, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मी घाबरत होते.

पुढे पेणला एका गुरुजींच्या घराला रंग देताना ह्यांची त्यांच्याशी ओळख झाली. गुरुजी नगरकडचे, ख्रिस्ती. रविवारी त्यांच्या घरी प्रार्थना असे. हे आधी रंग वाळेपर्यंत थांबायचे, मग प्रार्थनेला थांबायला लागले, मग मलाही घेऊन गेले. दोन वर्षांनी आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला. गावात कुजबुज झाली, पंच घरी येऊन ओट्यावर बसून गेले. "सगला बरा हाय ना?" एवढंच विचारलं. चहाला हात लावला नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी कमरेइतक्या पाण्यात उभं करून गुरुजींनी विचारलं, सगळ्या पापांचा पश्चात्ताप करतेस का. मी हो म्हणाले. मनात एकेक पाप घेतलंसुद्धा, अगदी सासूच्या डब्यातल्या खोबऱ्यापर्यंत. ते एक तेवढं घेतलं नाही. पाण्याखाली गेले तेव्हा मला पिठोरीच्या दिवशीचं ते पाणी आठवलं, आणि वर आले ती थरथरतच. बायकांना वाटलं, पवित्र आत्म्याने धरलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं, प्रभूच्या आठवणीने सगळे भाकरीचा एकेक तुकडा घ्यायचे. एका रविवारी गुरुजी बोलले की प्रभूच्या मेजाकडे जाणारी वाट आधी दुखावलेल्या भावाच्या दारावरून जाते, मधली पायवाट नाही. त्या दिवसापासून ह्यांनी भाकर घेणं बंद केलं. ताट आलं की ते खाली बघत पुढे सरकवायचे. आणि मी? मी घ्यायचे. दर महिन्याला, त्यांच्या शेजारी बसून, डोळे मिटून. न घेतली तर सगळे माझ्याकडे बघतील, ही भीती मला देवाच्या भीतीपेक्षा मोठी होती.

ह्यांचं जेवण तुटलं. गालफडं वर आली. दर अमावास्येला दुपारी बांधावर जाऊन झडपेपाशी बसायचे, पाणी चढून उतरेपर्यंत. मी लांबून बघायचे. एखाद दिवशी हा माणूस उठून परत येणार नाही, असं मला वाटायला लागलं होतं. एकदा परत आले आणि म्हणाले, "मी रोह्याला जातो. माझा अर्धा वाटा त्याच्यापुढे ठेवतो. मग गावकीत सांगतो."

मी चवताळले. म्हणाले, "पोरगी आठ वर्षांची आहे. उद्या वाळीत टाकलं तर तिला कोण खेळायला घेईल? आधीच आपण लोकांच्या डोळ्यावर आलोय. देवाने क्षमा केली ना? मग पुरे झालं."

"देवाने केली असेल," हे म्हणाले, "पण देवाची शेती बुडाली नव्हती."

मी सोबत गेले, ते धीर द्यायला नव्हे. हे जास्त काही बोलू नयेत म्हणून गेले.

पेणहून रोह्याची एसटी पकडली. गडब गेलं, नागोठणं गेलं. पाऊस नव्हता, पण आभाळ खाली आलं होतं आणि गाडीत दुपारीच दिवे लावले होते. हे सबंध रस्ता ओठ हलवत बसले होते. प्रार्थना करत होते की बोलायचं पाठ करत होते, कोण जाणे. मी मनातल्या मनात म्हणत होते की तो घरी नसू दे, घर सापडू नये, गाडी बंद पडावी. तीही प्रार्थनाच म्हणायची.

तो घरी होता. भाताच्या गिरणीत कामाला लागला होता, केसांत भुवयांत कोंडा, त्यामुळे आधीच म्हातारा दिसणारा आणखी म्हातारा दिसत होता. त्याच्या बायकोने आम्हाला ओळखलं. आत या म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली. चहा ठेवला.

ह्यांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं. बांबू, हमरापूर, विसरणं. एकही शब्द झाकला नाही. "दादा, अर्धी चूक माझी होती. ती मी सात वर्षं लपवली."

त्याने भुवयांतला कोंडा झटकला. मग म्हणाला, "बांबू सगलेच लावायचे. तू इसरलास. माणूस इसरतो. मना तुझ्यावर काय राग नाय रं." ह्यांचे खांदे एकदम खाली आले. मला वाटलं, झालं, उठावं आता. मी पदर सावरलासुद्धा.

"पर मी पिलो नव्हतो," तो म्हणाला. "अर्धी तुझी, मंग दुसरी अर्धी माझी बोलतोस, ती कुठली?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

"त्या दिशी पिठोरी. आयेचा माझ्यासाठी उपास. सांजेला तिच्या हातचा वाण घेवाचा असतो, त्या दिशी मी दारूला कधी शिवलो नाय. त्या सांजेला ती पाठमोरी बसली, ताट डोक्यामागं धरलान, अतित कोण म्हणून इचारलान. मी बोललो, मी. तिनं ताट खाली ठेवलान. दिलान नाय. तिलापन कुणी सांगितलेलं. कोण बोललां, तेवढा मना आजवर कलला नाय."

'अतित कोण', म्हणजे पाहुणा कोण, असं विचारून आई 'मी' म्हणणाऱ्या लेकराला वाण देते; त्याच सांजेला मी माझ्या वर्षाच्या पोरीला मांडीवर घेऊन वाण दिलं होतं. खीर होती. मला तिची चवसुद्धा आठवली.

आता गप्प राहिले असते तर चाललं असतं. कुणालाच कळलं नसतं. हे मी अजून स्वतःला सांगते, कारण लोकांना वाटतं की पश्चात्ताप आतून उसळून येतो. माझा उसळला नाही. मला तो दात उपटावा तसा उपटावा लागला.

"मी बोलले," मी म्हणाले. "वास येत होता असं मीच बोलले. तुम्ही माझ्याजवळसुद्धा आला नव्हता."

त्याच्या बायकोच्या हातात चहाची गाळणी होती, ती तिने खाली ठेवली. नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मी त्या दिशी तुमच्या तोंडाजवल आलते. मना काय वास आला नव्हता. तरी मी गावाचा ऐकला. सात वरसां तुमाला बोलत आले." आणि ती तिथेच भिंतीला टेकून बसली.

मी त्याच्या पाया पडायला वाकले. त्याने पाय मागे घेतले. "माझ्या वाटची माफी मी देन, नाय देन, ती माझी गोष्ट. पर माझ्या आयेच्या वाटची कोण देल? ती तसाच समजून गेली." मग म्हणाला, "मना बोलला ता गावकीत बोल. मी येन ऐकाला."

परतीच्या गाडीत हे माझ्या शेजारी बसले नाहीत. पुढे मागे रिकाम्या जागा होत्या, त्यातली एक घेतली. पुढचे आठ दिवस घरात ते फक्त पोरीशी बोलले. मी गुरुजींना जाऊन विचारलं, मेलेल्या माणसाची क्षमा कशी मागायची. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मला माहीत नाही असं म्हणाले. त्यांच्याविषयी माझा आदर त्या दिवशी वाढला.

गावकी देवळाच्या मंडपात बसली. बायका तिथे मागे उभ्या राहतात, बोलत नाहीत. मी पुढे गेले. पंच म्हणाले, बायांनी बोलायची रीत नाय. मी म्हणाले, त्या दिवशी बांधावर मला विचारलंत तेव्हा रीत कुठे होती? आणि सगळं सांगितलं. मी बोलत असताना हे उठले आणि माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. "बांबू माझा," एवढंच म्हणाले. आठ दिवसांनी माझ्या कानाजवळ आलेला तो त्यांचा पहिला आवाज.

माझ्या मागच्या बायका हळूहळू लांब सरकल्या. पाठीला गार वाटलं तेव्हा मला ते कळलं. पंच आपापसांत बोलले आणि मग राखणदाराकडे वळले. तो बायकोसोबत खांबाला टेकून उभा होता. आमच्याकडे अशी पद्धत की वाळीत टाकायचं तर आधी ज्याचं नुकसान झालं त्याचा शब्द घ्यायचा. पंच म्हणाले, "तुझ्यावरचा डाग गेला. तू परत ये गावात. ह्यांचा काय करायचा ता तू बोल."

मी माझ्या पोरीला शोधलं. ती मंडपाच्या पायरीवर बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंची मुलं उठून गेली होती.

माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"मी हिला माफ केलेली नाय," तो म्हणाला. "कवा करीन, मना ठाव नाय. पर वाळीत टाकाचा असल तर मना इचारू नका. माझ्या आयेला चौघांनी उचलली. दर वीस पावलांवर खाली ठेवाला लागत व्हती. ता मी कुणाच्या घरावर घालनार नाय."

एवढं बोलून तो मंडपातून उतरला. बायको त्याच्या मागे गेली. ती दोघं संध्याकाळच्या एसटीने रोह्याला परतली, आणि गावात राहायला कधीच आली नाहीत. त्याच्या शब्दावाचून पंचांनी आम्हाला वाळीत टाकलं नाही.

तारणावरची प्रवचनं मी त्याआधी किती ऐकली होती, पुढेही ऐकली. सगळ्यांत आधी क्षमा मिळते आणि मग माणूस वाचतो असं त्यांत सांगतात. माझं उलटं झालं. क्षमा मला मिळाली नाही, आणि ज्याने ती दिली नाही त्यानेच मला वाचवलं. त्याची माफी आज येईल, उद्या येईल म्हणून मी पुढे बरीच वर्षं वाट पाहिली. मग रोह्याहून निरोप आला की तो गेला. हे आणि मी पहिल्या गाडीने गेलो. खांद्याला माणसं भरपूर होती, ह्यांना जागा मिळाली. मी दारात उभी राहिले, आत बोलावतात का ते बघत.