अंतरपाटावरचं स्वस्तिक

भाचीच्या लग्नाचा हॉल म्हणजे बिनखिडक्यांचं गोदाम, त्यात स्टेजवर जांभळे दिवे. फोटोग्राफरनं ते आधी बंद करवले, भाचीच्या गालाजवळ स्वतःचा तळहात धरून उजेड जोखला आणि अंतरपाट धरल्यावर एक फोटो काढून मला दाखवला. सावळा, तुकतुकीत चेहरा, गालावर हळदीची छटा, समोर पांढऱ्या कापडावर कुंकवाचं लाल स्वस्तिक. सगळं जिथल्या तिथं होतं.

नवऱ्या मुलाच्या आत्या मागून डोकावल्या. "नवरी जरा उजळ येऊ द्या की."

"ताई, उजेड वाढवला तर पांढरं सगळं फटफटीत होईल. स्वस्तिक दिसायचं नाही."

"नाही दिसलं तर राहू दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मुलीकडच्यांनी बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प राहिलो. त्यानं कॅमेऱ्यावरचं एक चाक फिरवलं. आमच्या घरात चार पिढ्या सुखानं नांदलेला रंग त्या एवढ्याशा चाकानं चूक ठरवला. मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. मी उभा होतो, नुसता. त्या बाईंपेक्षा माझाच मला जास्त राग येतो.

अल्बम आला. अंतरपाट कोऱ्या चादरीसारखा, हळद उडालेली, भाचीचं नाकसुद्धा धड दिसेना. सगळे म्हणाले, गोरीपान आलीय.

माझ्या बहिणीनं अल्बम मांडीवर घेतला. लेकीनं रंग तिचाच घेतलेला. तिनं पदराचं टोक फोटोतल्या गालावरून हळूच फिरवलं, जास्तीची पावडर पुसतात तसं.