टॉवेलची खोकी आणि किनाऱ्याची हवा

बाळांनो, तुमच्या काकाच्या कारखान्यातले टॉवेल बोटीने परदेशी जातात, पण सोलापूरपासून समुद्र फार लांब. रिकामा कंटेनर बंदरावरून घाट चढून इथे येतो, भरतो आणि त्याच वाटेने परत जातो. घाटात वाहतूक तुंबली की बोट चुकते. मागच्या वर्षी असे दोनदा झाले, तेव्हा काकाने ठरवले की पॅकिंग बंदराजवळच्या भाड्याच्या गोदामात हलवायचे. "नवे कारखाने सगळे किनाऱ्याकडेच निघालेत, आई," तो म्हणाला.

पॅकिंगला जवळच्या मंद्रूप गावाहून एसटीने बायका येतात. त्यांचे काम जाणार होते. त्यांतल्या सर्वांत जुन्या अक्कांना काकाने विचारले, "तिकडं याल का? खोली देतो."

"नवरा येईल की," अक्का म्हणाल्या, "म्हैस न्हाय यायची."

बायका हसल्या. पण त्या दुपारी कितीतरी डबे अर्धेच खाऊन बंद झाले.

मी काकाला एवढेच सुचवले, की आधी पावसाळ्यात थोडा माल तिथे बांधून बघ, आणि दोन्हीकडचे एकेक खोके मला आणून दे. माझे मन राखायला त्याने ते केले. काही आठवडे खोकी माळ्यावर ठेवून मग मी ती जेवणाच्या टेबलावर उघडली. इथल्या खोक्याला नव्या सुताचा वास होता. बंदराकडच्याला कोंदट कपाटाचा. सूत हवेतली ओल शोषते. तिथल्या दमट हवेत घड्या घालतानाच ती आत शिरली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत अडकली.

"तुझ्या नाकाचा रिपोर्ट गिऱ्हाइकाला पाठवू का?" काकाने टॉवेल हुंगून हसत विचारले.

"पाठव. इंग्रजी मी नीट करून देते."

त्याने टॉवेल पुन्हा नाकाशी नेला. या वेळी हसला नाही.

आता पॅकिंग इथेच होते. भरलेला कंटेनर थोडा आधी निघतो, आणि बंदराजवळच्या गोदामाच्या आवारात बंदच बोटीची वाट पाहतो. घाट तुंबला तरी काका शांत झोपतो.

परवा कंटेनर आला तेव्हा मी कारखान्यात होते. अक्कांनी आत जाऊन पत्र्यावरून हात फिरवला.

"दमट हाय. दारं उघडी राहू द्या जरा. आपल्याकडं ऊन काय कमी हाय व्हय?"

माल भरणारे थांबले. मीही माझी खुर्ची सावलीत ओढून घेतली.